चौदा पानी अहवालात जे नाही ते

प्रश्न: माझं वय ३१. दीड वर्षापूर्वी बाबा यकृताच्या कर्करोगाने गेले, ६१व्या वर्षी. त्यांना हिपॅटायटिस बी होता हेही तेव्हाच कळलं. आजी, म्हणजे बाबांची आई, पोटात पाणी होऊन गेली होती. काकांनाही बी आहे. गेल्या वर्षी रक्तदानाच्या वेळी माझ्या मोठ्या भावाच्या रक्तात तो सापडला. त्याला काही त्रास नाही, म्हणून तो डॉक्टरांकडे जातच नाही. आत्या म्हणते, आपल्या रक्तातच दोष आहे. मी घाबरून लाळेवरची एक जनुक चाचणी करून घेतली. चौदा पानी अहवालात लिहिलंय की एचएलए-डीपी या जनुकाच्या धोकादायक आवृत्तीच्या दोन प्रती माझ्याकडे आहेत, त्यामुळे 'जुनाट हिपॅटायटिस बीची वाढीव शक्यता'. मायका जनुकामुळे 'यकृताच्या कर्करोगाचा वाढीव धोका'. आयएल२८बी मात्र 'अनुकूल'. सहा महिन्यांनी माझं लग्न आहे. हा अहवाल होणाऱ्या नवऱ्याला दाखवायचा का? मूल होऊ द्यावं का? आणि भावाच्या सहा वर्षांच्या मुलाचीही हीच चाचणी करून घ्यावी का?
– स.

प्रिय स.,

तुमच्या पत्रात मी एक वाक्य शोधत होते आणि ते कुठेच सापडलं नाही: 'माझी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे.' लाळ पाठवून जनुकं तपासून झाली, पण विषाणू अंगात आहे की नाही हे पाहायचं राहून गेलं. तेव्हा बाकीचं नंतर. आधी लॅबमध्ये जाऊन तीन चाचण्या एकदमच करून घ्या. एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस. विषाणू आत्ता शरीरात आहे का, हे पहिलीवरून कळतं. तो पूर्वी कधी येऊन गेला का, हे दुसरीवरून. तिसरी तुमच्याकडे त्याच्याविरुद्ध संरक्षण आहे का ते सांगते, मग ते लसीमुळे आलेलं असो की आजार होऊन गेल्यामुळे. साध्या रक्ताच्या तपासण्या आहेत, आणि तुमच्या चौदा पानांतल्या कुठल्याही पानापेक्षा त्या जास्त सांगतील.

आता आत्यांचं म्हणणं. आजी, मग तिची दोन मुलं, मग नातू. ही साखळी पाहिली की कुणालाही वाटेल की दोष वंशातूनच उतरतोय. आत्यांना हसू नका, कारण ज्यांनी हा विषाणू शोधला त्यांचीही सुरुवातीला हीच समजूत झाली होती. अमेरिकेतले बरूच ब्लमबर्ग हे डॉक्टर विषाणू शोधायला निघालेच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातली प्रथिनं जन्मतः कशी वेगळी असतात आणि त्यामुळे कुणाला कुठला आजार लवकर जडतो, हा त्यांचा विषय. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन मिळालं, त्याचं नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. काही कुटुंबांत ते अनेकांकडे असायचं, काहींत कुणाकडेच नाही. तेव्हा हा आईवडिलांकडून येणारा गुणधर्म असावा, असा त्यांच्या गटाने कयास बांधला. मग एक रुग्ण असा निघाला की ज्याच्या रक्तात आधी ते प्रथिन नव्हतं आणि काही महिन्यांनी होतं. जन्मजात गुणधर्म असा मधेच उगवत नाही. मधल्या काळात त्या रुग्णाला यकृताची सूज येऊन गेली होती. ते प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं आवरण होतं. आज तुम्ही लॅबमध्ये ज्याला एचबीएसएजी म्हणाल, ते तेच. १९७६ मध्ये ब्लमबर्गना नोबेल पारितोषिक मिळालं.

तुमच्या घरातही बहुधा असंच झालं असावं. आजीच्या अंगात विषाणू होता, बाळंतपणात तो मुलांकडे गेला. बाबांकडून, किंवा आईंकडून, तो भावाकडे लहानपणीच आला. आईंचं नाव मी मुद्दाम घेतलं, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एक अक्षरही नाही आणि त्यांचीही तपासणी व्हायला हवी. आत्यांचीसुद्धा. त्याही त्याच आजीच्या पोटच्या. 'रक्तातला दोष' त्यांच्या रक्तात आहे की नाही हे त्यांनी कधी पाहिलंय का, हे विचारायला हरकत नाही; फक्त जरा गोड शब्दांत विचारा. यात कुणाची चूक शोधू नका. बाबांचा जन्म झाला तेव्हा हा विषाणू जगात कुणालाच माहीत नव्हता, आणि त्यावरची पहिली लस वापरात यायला १९८१ साल उजाडलं.

मग जनुकांचा काहीच संबंध नाही का? आहे. आणि तो अहवालात लिहिलाय त्यापेक्षा बराच रंजक आहे.

विषाणू अंगात शिरला म्हणजे तो कायमचा मुक्काम ठोकतोच असं नाही. मोठ्या वयात बीची लागण झाली तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांच्या अंगात तो टिकतो. बाकीच्यांचं शरीर त्याला काही महिन्यांत हुसकून लावतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांमध्ये हे प्रमाण उलटं होतं: शंभरातल्या सुमारे नव्वद जणांमध्ये तो राहतो. एकच विषाणू, आणि इतका फरक केवळ वयाचा. तान्ह्या बाळाची रोगप्रतिकारक यंत्रणा अजून कशावर हल्ला करायचा आणि कशाला सोडायचं हे शिकत असते, आणि त्या वयात घरात आलेल्याला ती आपलाच समजून बसते. जुनाट संसर्ग कुणाला होणार हे ठरवणाऱ्या गोष्टींची यादी केली तर लागणीच्या वेळचं वय सगळ्यांत वर येतं. जनुकं त्याच्या खाली, बरीच खाली.

पण एकाच वयात लागण झालेल्या दोघांपैकी एक सुटतो आणि दुसरा अडकतो, तेव्हा जनुकांचा हात दिसू लागतो. एचएलए हा सहाव्या गुणसूत्रावरचा जनुकांचा एक पट्टा. अवयव प्रत्यारोपणाआधी दोन माणसांचं जुळतंय का ते पाहतात, ते हेच. पेशीत विषाणू असला की त्याच्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलएचे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून धरतात, आणि गस्तीवरच्या टी-पेशी ते पाहून ठरवतात की इथे काही परकं आहे का. या रेणूंच्या खाचेचा आकार माणसागणिक वेगळा असतो. कुणाच्या खाचेत बीच्या विषाणूचा तुकडा घट्ट बसतो, कुणाच्या सैल, कुणाच्या बसतच नाही. माणसाच्या साऱ्या जनुकांत इतकी विविधता दुसरीकडे कुठे नाही, आणि ते बरंच आहे; सगळ्यांच्या खाचा सारख्या असत्या तर एका साथीने सगळेच आडवे झाले असते.

या जनुकांचा आणि हिपॅटायटिसचा धागा बरेच वर्षं तपासला जातोय. १९९५ मध्ये आफ्रिकेतल्या गॅम्बियात दिसलं की एचएलए-डीआर जनुकाची एक विशिष्ट आवृत्ती असलेली माणसं बीचा विषाणू जास्त सहज घालवतात. तीच आवृत्ती गंभीर मलेरियापासूनही वाचवते असं त्याआधी आढळलं होतं. बहुधा मलेरियामुळेच ती तिथे टिकून राहिली असावी, आणि बीपासूनचं रक्षण हा वरचा फायदा. मग २००९ मध्ये जपानी संशोधकांनी जुनाट बी असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना केली, आणि सगळ्यांत ठळक फरक सापडला तो एचएलए-डीपीच्या जागेवर. तुमच्या अहवालातली ओळ आली ती इथून.

आता त्या ओळीतला 'धोकादायक' हा शब्द. ज्या समाजात हा शोध लागला, तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे ही 'धोकादायक' आवृत्ती किमान एका प्रतीत असते. म्हणजे 'तुमच्याकडे धोकादायक आवृत्ती आहे' हे वाक्य त्या समाजातल्या निम्म्याहून जास्त अनोळखी माणसांना सांगता आलं असतं. दुसरं, ही शक्यता विषाणूशी गाठ पडल्यानंतरची आहे. जनुक म्हणजे जमिनीचा उतार म्हणा; पाणीच आलं नाही तर उतार कितीही असो, वाहणार काय? विषाणूविना एचएलए-डीपीच्या दोन काय, दहा प्रती असत्या तरी हिपॅटायटिस बी होत नाही.

आणि 'आमच्या घरात प्रतिकारशक्ती कमी' असा अर्थ काढत असाल तर तोही सोडा. याच एचएलए-डीपी जनुकातल्या एका फरकामुळे काहींच्या पेशी हा रेणू जास्त बनवतात, काहींच्या कमी. आपल्याला वाटेल जास्त बनवणारे सरस ठरतील. प्रत्यक्षात बीचा विषाणू जास्त सहज घालवला तो कमी बनवणाऱ्यांनी. आयएल२८बीची गंमत तर याहून भारी आहे. त्या जागेवरचा फरक हिपॅटायटिस सीमधून आपोआप बरं होण्याशी जोडलेला आहे हे २००९ मध्ये कळलं, पण असं का, हे उलगडायला २०१३ उजाडलं. तेव्हा सापडलं की शेजारीच आयएफएनएल४ नावाचं एक जनुक आहे आणि ते विषाणूशी लढणारं, इंटरफेरॉन जातीचं एक प्रथिन बनवतं. 'अनुकूल' आवृत्ती असणाऱ्यांमध्ये हे जनुक चक्क मोडलेलं असतं! ज्यांच्याकडे हे हत्यार शाबूत आहे त्यांच्यात विषाणू जास्त टिकतो. नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशींना संपवणाऱ्या पेशी, त्यांचंही असंच: २००४ मध्ये दिसून आलं की त्यांच्यावरचा लगाम जरा ढिला ठेवणारी जनुकांची जोडी ज्यांच्याकडे असते, ते लोक सीमधून जास्त बरे होतात. एचएलए-बी२७ ही आवृत्तीही सीच्या विषाणूला जड जाते, पण मणक्याचा संधिवात होणाऱ्यांमध्ये हीच आवृत्ती ठाण मांडून बसलेली असते. चांगलं जनुक, वाईट जनुक असे दोन डबे करून त्यात ही मंडळी भरता येत नाहीत. 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पुड्या आणि काढे विकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. त्यांतल्या काहींनी यकृताला सूज येते हे वेगळंच.

तुमचा 'अनुकूल' शेरा हिपॅटायटिस सीबद्दलचा आहे. तुमच्या घरात आहे तो बी. दोन्ही विषाणूंची जातकुळी वेगळी; नावात हिपॅटायटिस आहे एवढंच साम्य. तेव्हा त्या शेऱ्यावरून दिलासाही घेऊ नका. शिवाय सीच्या बाबतीतही त्या जनुकाचं महत्त्व आता ओसरलं आहे. पूर्वी वर्षभर इंटरफेरॉनची इंजेक्शनं घ्यावी लागत, ती कुणाला लागू पडतील हे या जनुकावरून आधी थोडं ताडता यायचं. आता आठ ते बारा आठवडे गोळ्या घेतल्या की ९५ टक्क्यांहून जास्त लोक सीमधून पूर्ण बरे होतात, मग आयएल२८बी कुठलंही असो.

राहिलं मायका. पेशी संकटात सापडली की मायका हे प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि मारक पेशींना खूण पटते. कर्करोगाच्या पेशी कधी कधी ते कापून रक्तात सोडून देतात, म्हणजे खूण दिसूच नये. या जनुकाजवळचा जो फरक तुमच्या अहवालात आहे, तो २०११ मध्ये हिपॅटायटिस सी असलेल्या जपानी रुग्णांत सापडला. सी, पुन्हा एकदा. त्या रुग्णांतही कर्करोगाची शक्यता त्या फरकाने वाढली ती सुमारे १.४ पट. हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहा. तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे २२३ पट निघाला. कुठे १.४ आणि कुठे २२३! तुम्ही पैसे मोजून पहिला आकडा घेतलात आणि दुसरा कुठल्याही लॅबमध्ये तुमची वाट पाहत बसलाय.

जनुकांविरुद्धचा सगळ्यांत सरळ पुरावाही तैवानचाच. १९८४ मध्ये तिथे वाहक मातांच्या, म्हणजे ज्यांच्या अंगात विषाणू टिकून आहे अशा मातांच्या, बाळांना लस द्यायला सुरुवात झाली आणि थोड्याच काळात ती सगळ्याच बाळांना मिळू लागली. ६ ते १४ वयाच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण दर लाखामागे ०.७० होतं, ते दहाएक वर्षांत ०.३६ वर आलं. १९८४ च्या आधी आणि नंतर जन्मलेल्या त्या मुलांची एचएलए जनुकं तीच होती, आईवडीलही त्याच समाजातले.

आता तुमच्या तपासणीतून काय काय निघू शकतं ते पाहू. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर तुम्हाला लागण कधी झालीच नाही आणि संरक्षणही नाही. लस घ्या: पहिली मात्रा लगेच, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची पातळी तपासा. दहाच्या वर असली की झालं. तुमच्या एचएलएचा तुमच्याशी खरा संबंध आलाच तर इथे येईल. प्रौढांपैकी शंभरातल्या पाच-दहा जणांमध्ये लसीनंतर पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत आणि त्यामागे काही प्रमाणात एचएलएच्या आवृत्त्या असतात. पण तेही ठरवायचं प्रतिपिंडांच्या आकड्यावरून. पातळी कमी आली तर मात्रांचा दुसरा क्रम घेता येतो आणि त्यानंतर बहुतेकांमध्ये ती वर चढते.

एकटं अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह आलं तर लस लागू पडलेली आहे, बहुधा लहानपणची. अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह, पण एचबीएसएजी निगेटिव्ह असं आलं तर विषाणू येऊन गेला आणि तुमच्या शरीराने त्याला आवरलं. म्हणजे 'धोकादायक' दोन प्रती बाळगून! औषध काही लागत नाही. फक्त पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली तर हा रिपोर्ट त्या डॉक्टरांना आवर्जून दाखवायचा, कारण यकृतात दबून राहिलेला विषाणू अशा वेळी पुन्हा डोकं वर काढू शकतो.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर यकृताच्या तज्ज्ञांकडे जा. सहा महिन्यांनंतरही ते पॉझिटिव्ह राहिलं तरच संसर्ग जुनाट म्हणतात, पण तुमच्या घरातली परिस्थिती पाहता तोवर थांबू नका. विषाणूचं रक्तातलं प्रमाण, एसजीपीटी (यकृताला सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि यकृत किती कडक झालंय ते पाहून औषध लगेच द्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे ते ठरवतील. टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिरची रोज एक गोळी विषाणूला दाबून ठेवते आणि कर्करोगाची शक्यताही कमी करते. ती मनाने बंद करायची नाही. अचानक थांबवल्यावर यकृताला जोराची सूज आलेली माणसं असतात.

होणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचं? जनुकांचा अहवाल दाखवायलाच हवा असं मला मुळीच वाटत नाही. त्यात त्यांनी निर्णय घ्यावा असं काही नाही, आणि अर्धवट समजून भीती मात्र पुरती बसेल. एचबीएसएजीचा निकाल पॉझिटिव्ह आला तर तो सांगायलाच हवा, आणि लग्नाआधी. बी रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे त्यांचीही तपासणी आणि लस व्हायला हवी, ती परिणामकारक ठरली हे पाहायला हवं आणि तोवर निरोध वापरायला हवा. ही लस चाळीसहून जास्त वर्षं वापरात असलेली, भरवशाची आहे. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने बी पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र मात्र ज्याचं त्याने वेगळं ठेवायचं. हे ऐकून माणूस मागे फिरला तर ते आत्ताच कळलेलं बरं. अनेक जण मागे फिरत नाहीत. त्यांना पुढे काय करायचं तेवढं नीट सांगावं लागतं.

मूल जरूर होऊ द्या. तुमच्याकडे एचएलए-डीपीच्या त्या आवृत्तीच्या दोन प्रती आहेत, म्हणजे मुलाकडे एक जाणारच, ती थांबवण्याचं कारण नाही. तुमचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलं तरी बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा आणि सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं, शिवाय तुमच्या रक्तात विषाणू फार जास्त असल्यास गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर घेतलं, की बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते. स्तनपानही करता येतं. नाव नोंदवतानाच प्रसूतितज्ज्ञांना हे सांगून ठेवा, म्हणजे ते इंजेक्शन ऐन वेळी शोधत बसावं लागणार नाही.

आता भाऊ. तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटते ती त्यांची, आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे. 'त्रास काही नाही' याला यकृताच्या बाबतीत काडीची किंमत नाही. यकृत दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय बीच्या विषाणूची एक वाईट खोड आहे: तो आपला डीएनए यकृताच्या पेशींच्या डीएनएत घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस, म्हणजे वण पडून यकृत कडक होणं, न होताही कर्करोग होऊ शकतो. घराण्याचा इतिहास खरोखर कामाला येतो तो इथे. बी असलेल्या माणसाच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर त्याचा धोका इतर वाहकांपेक्षा जास्त असतो. त्यात सामायिक जनुकांचा काही वाटा असेल, लहान वयात लागलेल्या विषाणूचा असेल. वाटणी नेमकी कशी हे ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. अशा माणसांवर चाळिशीची वाट न पाहता नजर ठेवावी असं यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात: दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि सोबत अल्फा-फीटोप्रोटीन ही रक्ताची तपासणी. भावाला हे लागू होतं, आणि काकांनाही, कारण बाबा त्यांचे सख्खे भाऊ. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती काढून किंवा जाळून माणूस बरा होऊ शकतो. बाबांच्या बाबतीत ती संधी कुणाला मिळाली नाही.

त्यांना जनुकांचा अहवाल दाखवून घाबरवू नका. बाबांची फाइल घेऊन त्यांच्यासोबत तज्ज्ञांकडे जा आणि एचबीएसएजीसोबत एचबीईएजी (विषाणू किती जोमाने वाढतोय याचा अंदाज देणारी तपासणी), विषाणूचं प्रमाण, एसजीपीटी, यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन आणि हिपॅटायटिस डीची तपासणी करायला हवी का ते विचारा. दारू पीत असतील तर ती पूर्ण बंद. आणि बुरशी धरलेले शेंगदाणे, मका तोंडात टाकायचा नाही; त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आणि बीचा विषाणू एकत्र आले की कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो.

तुमचा शेवटचा प्रश्न भाच्याचा. त्याची जनुक चाचणी नको. सहा वर्षांच्या मुलाच्या नावावर 'वाढीव धोका' असा शेरा घरात पडून राहिला तर तो त्याच्याबरोबर मोठा होईल, आणि त्यावरून करण्यासारखं काही नाही. त्याऐवजी वहिनींकडून त्याचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या आणि बीच्या सगळ्या मात्रा झाल्यात का ते पाहा. झाल्या असल्या तरी बाप वाहक असल्यामुळे त्याचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस एकदा तपासून घ्या. वहिनींचीही तपासणी करा, लस राहिली असेल तर आजच सुरू करा. तुम्ही लॅबमध्ये जालच, तेव्हा आई, वहिनी आणि भाचा यांना सोबत घेऊन जा.